टोपीएवढी जागा

रविवारी सकाळी एझरा आवासकरच्या डोक्यावर दोन हजार दोनशे केस लावण्यात आले आणि डॉक्टर प्रांजलने त्याला हात जोडून सांगितलं, "काका, दहा दिवस डोक्याला काहीही लागता कामा नये. उशी नाही, टॉवेल नाही, टोपी तर नाहीच नाही. झोपायचंसुद्धा बसून. आणि खाली वाकायचं नाही."

"चप्पल कशी घालायची?"

"काकूंना सांगा. एकेक मूळ आहे ते. लागलं की निघालं."

एझरा हो म्हणाला. ज्या धर्मात आपण जन्मलो त्यात देवासमोर उघड्या डोक्याने उभं राहता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण प्रश्न दहाच दिवसांचा होता. तेवढ्यात देवाला आपली आठवण होणार नाही, असं त्याने धरून चाललं होतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक साडी होती. एझराची मुलगी दाना हिचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं, म्हणून तो बायकोबरोबर पनवेलच्या एका दुकानात साड्या बघायला गेला. तिथल्या माणसाने मोठ्या आदराने खुर्ची पुढे ओढली आणि तो साराला म्हणाला, "मॅडम, बाबांना इथे बसवा. उभं राहून त्रास होईल त्यांना." सारा आधी हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "अहो, हे माझे मिस्टर." हा जो क्रम होता, आधी हसणं आणि मग सांगणं, तो एझराच्या जिव्हारी लागला. तो चोपन्न वर्षांचा होता आणि सारा त्याच्याहून फक्त दोन वर्षांनी लहान होती.

त्या दिवसापासून त्याला जिकडेतिकडे केस दिसायला लागले. न्हावा शेवाच्या ऑफिसात शिपायाचे, रिक्षावाल्याचे, भाजीवाल्याचे. सगळ्यांत जास्त डोळ्यांत खुपायचे ते येहुदाकाकांचे. येहुदाकाका म्हणजे गावातल्या ज्यू प्रार्थनामंदिराची, सिनेगॉगची सगळी व्यवस्था बघणारे, शिस्तीचे कडक, वय शहात्तर. त्यांच्या काळ्या टोपीखालून पांढरेशुभ्र केस बाहेर येऊन कॉलरवर रुळायचे. दर शनिवारी प्रार्थनेला एझरा नेमका त्यांच्या मागच्या बाकावर बसायचा, आणि त्याचं अर्धं लक्ष पुस्तकात आणि अर्धं त्या कॉलरवर असायचं. शहात्तराव्या वर्षी हे, मग चोपन्नाव्या वर्षी आपल्यालाच का नाही, असा प्रश्न तो देवाच्या घरात बसून देवालाच विचारायचा. उत्तर आलं नाही तेव्हा त्याने डॉक्टर प्रांजलला विचारलं.

लोकांना सांगताना त्याने सांगितलं, "ऑफिसचं ट्रेनिंग आहे. नागपूरला. दहा दिवस."

"नागपूरच का?" साराने विचारलं.

"लांब आहे. कुणी सहज डोकावणार नाही."

"आणि गुरुवारी सॅमसनकाकांची वर्षाची प्रार्थना आहे ती?"

पनवेलात आता बेने इस्रायली ज्यूंची घरं बोटांवर मोजण्याइतकी राहिली होती. बाकीचे इस्रायलला गेले. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दहा नसले तर गेलेल्या माणसासाठी मुलाने म्हणायचं कद्दीश म्हणता येत नाही. नऊ असले तरी नाही. एझराने मात्र हिशेब करून ठेवला होता. थाण्याहून दोघं येणार होते, सॅमसनकाकांचा मुलगा नोम इस्रायलहून खास दोन दिवसांसाठी येणार होता. "मला धरलं तर अकरा होतात," तो म्हणाला, "म्हणजे मी नसलो तरी बरोबर दहा."

"सॅमसनकाकांनी तुम्हाला प्रार्थना शिकवली," सारा म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. ती फार बोलत नसे. नवरा चुकला की आणखीच कमी बोलत असे.

सॅमसनकाकांचं नाव पवित्र शास्त्रातल्या त्या वीराचं, ज्याची सगळी ताकद केसांत होती. काकांच्या डोक्यावर मात्र औषधालाही केस नव्हता. "माझी ताकद गळ्यात आहे," असं ते सांगायचे, आणि ते खरंही होतं. लहानपणी एझराला समोर बसवून त्यांनी सगळ्या प्रार्थना तोंडपाठ करून घेतल्या होत्या. ठेका चुकला की त्याच्या डोक्याच्या बरोबर मध्यावर टपली बसायची. तेव्हा तिथे केस होते.

सोमवार, मंगळवार सुरळीत गेले. बुधवारी सकाळी गव्हाणची रंभा मासळी घेऊन नवीन पनवेलच्या त्यांच्या फ्लॅटवर आली. वीस वर्षांची घसट असल्यामुळे ती दारात टोपली ठेवून थेट पाणी प्यायला आत शिरायची. हॉलमध्ये एझरा सोफ्यावर ताठ बसून झोपला होता.

"अगो बाय!" रंभा ओरडली. "एझराभावाच्या डोक्याला काय झाला? राई पेरल्यावानी दिसतंय!"

एझरा दचकून जागा झाला आणि सवयीने डोक्याकडे नेलेला हात त्याने मध्येच थांबवला.

"केस लावलेत गं," सारा म्हणाली. "कुणाला सांगू नकोस."

"कशाला लावलं?"

"नव्हते म्हणून."

रंभा विचारात पडली. या घरी कोलंबी चालत नाही, चिंबोरी चालत नाही, अंगावर खवलं असलेलाच मासा लागतो, हे ती पहिल्या महिन्यातच शिकली होती आणि वीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. तिने एझराकडे नीट बघितलं. "खवल्याबिगर मासा तुमच्या देवाला चालत नाय, त्या ठाव हाय माला," ती म्हणाली. "पन केसाबिगर मानूस बी चालत नाय व्हय?"

एझराने पापलेट ताजं आहे का, असं विचारलं.

कुणाला सांगू नकोस म्हटल्यामुळे रंभाने ते एकाच ठिकाणी सांगितलं. नवीन पनवेलहून ती गावात सॅमसनकाकांच्या बायकोकडे, ज्युडिथमावशीकडे गेली, तेव्हा मावशी पलंगावर बसून रडत होती. थाण्याच्या दोघांपैकी एकाला डेंगी झाला होता. उद्या नऊच माणसं होती आणि नोमचं परतीचं विमान उद्या रात्रीचंच होतं.

"येकच मानूस कमी हाय ना?" रंभा म्हणाली. "मंग रडताव कशाला? एझराभाव घरीच हाय की."

दहा मिनिटांत एझराचा फोन वाजला.

"काय रे एझरा, नागपूरला ऊन फार असेल, नाही?" ज्युडिथमावशीने विचारलं.

"फारच, मावशी. बाहेर पडवत नाही."

"मग डोकं सांभाळ बाबा. राई उगवायच्या आधीच करपायची."

एझराने फोन कानापासून जरा लांब धरला. पलीकडून मावशीचा आवाज बदलला. "हे बघ, तू काय केलंस ते मी विचारत नाही. वर्षभर नोम सांगत होता, आई, पप्पांचं कद्दीश मी त्यांच्याच सिनेगॉगमध्ये म्हणणार. एवढ्या लांबून आलाय पोरगा. उद्या नऊच माणसांत तो मुका उभा राहिला तर मी काय करू, सांग."

फोन ठेवल्यावर एझरा बराच वेळ बाल्कनीत उभा राहिला. खाली बघायलासुद्धा वाकायची सोय नव्हती. आपण कोंबडं झाकून ठेवलं आणि उजाडायचं राहणार असं समजलो, याची त्याला मनापासून लाज वाटली. संध्याकाळी त्याने स्वतःच येहुदाकाकांना फोन करून बोलावून घेतलं.

येहुदाकाकांनी दारातच त्याचं डोकं पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी बघितलं. "उघड्या डोक्याने आलास तर माझ्या मते तू आलाच नाहीस," त्यांनी जाहीर केलं. "टोपी घाल."

"घातली तर सगळं निघेल, काका."

"मग आणखी कशाने झाक. पण झाक."

दाना धावत जाऊन छत्री घेऊन आली. एझराने ती उघडून डोक्यावर धरली. येहुदाकाकांनी मान हलवली. "छत्री म्हणजे छप्पर. छप्पर सिनेगॉगला आहे. शिवाय पंखे खाली आहेत, एखाद्याचा डोळा जाईल." मग दानाने माळ्यावरून मिक्सरचं खोकं काढलं. त्यावर मोठ्या अक्षरांत 'नाजूक वस्तू, जपून हाताळा' असं छापलेलं होतं. खोकं अरुंद निघालं. कानाला घासलं आणि एझरा किंचाळला.

"पप्पा, दोन हजार दोनशेतले किती गेले?" दानाने विचारलं.

"गप्प बस."

एवढ्यात दारात रंभा उभी राहिली. दिवसभर तिच्या मनाला लागून राहिलं होतं. "सारावयनी, माज्या तोंडात तीळ भिजत नाय," ती म्हणाली. "चुकी झाली. पन ती म्हातारी रडत व्हती, माला राहवला नाय." तिच्या डोक्यावर नवीकोरी, चांगली रुंद, खोल टोपली होती.

सगळ्यांची नजर हळूहळू वर गेली.

टोपली उतरवून एझराच्या डोक्यावर उपडी घातली तेव्हा तिचा काठ बरोबर दोन्ही खांद्यांवर टेकला. रंभाने डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची कापडाची चुंबळ काढली, कमरेची दुसरी सोडली आणि दोन्ही खांद्यांवर एकेक सरकवली. तळ चार बोटं वर उचलला गेला. डोक्याला कुठेच काही लागत नव्हतं. विणीतून एझराला थोडंफार दिसतही होतं.

येहुदाकाकांनी टोपलीभोवती फेरी मारली आणि संशयाने विचारलं, "यात कोलंबी ठेवली होतीस का?"

रंभा भडकली. "नवी हाय! बुरडाकडनं आताच आनलीय. मासलीचा वास बी नाय लागला अजून. तुमीच हुंगा!"

येहुदाकाकांनी खरोखरच हुंगून बघितलं. मग ते खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "डोकं झाकलेलं पाहिजे, एवढं आहे. कशाने, ते काही सांगितलेलं नाही."

डॉक्टर प्रांजलला फोन लावला. "टोपली?" ती तीनदा म्हणाली. "टेकत नाही ना? मग ठीक आहे. पण वाकू नका हं, काका. वाकलात की टोपली घसरणार आणि तळ बरोबर डोक्याच्या मधोमध बसणार."

"प्रार्थनेत वाकावं लागतं," एझरा हळूच म्हणाला.

"तू उभा राहा खांबासारखा," येहुदाकाका म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढी सवलत कधी कुणी ऐकली नव्हती. "माणूस मोजायचाय. वाकला की नाही ते मोजायचं नाही."

गुरुवारी सकाळी एझरा मांडीवर टोपली घेऊन रिक्षात बसला. "काका, मासळी असेल तर वास राहतो गाडीत," रिक्षावाला म्हणाला. "मासळी नाही," सारा म्हणाली, "टोपी आहे त्यांची."

सिनेगॉगच्या दारात एझराने टोपली चढवली. नोम समोर आला, त्याला बिलगायला हात पसरले आणि कुठून बिलगावं ते न कळून तसाच थांबला. "एझरादादा, आत तूच आहेस ना?"

"मीच आहे. तू कद्दीशचं बघ."

बायकांची जागा वर सज्जात होती. ज्युडिथमावशीने कठड्यावरून खाली बघितलं. नऊ टोप्या आणि एक टोपली. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली, आणि शेजारी बसलेल्या साराने नंतर सांगितलं की सॅमसनकाका गेल्यापासून मावशीला कुणी हसताना बघितलं नव्हतं.

येहुदाकाकांनी माणसं मोजली. टोपलीपाशी क्षणभर थांबून ते म्हणाले, "दहा," आणि प्रार्थना सुरू झाली.

टोपलीत अंधार होता आणि ओल्या बांबूचा वास होता. पुस्तकातली अक्षरं दिसणं शक्यच नव्हतं. एझराने डोळे मिटले आणि जे तोंडपाठ होतं ते म्हणायला लागला. पहिल्यांदा भीत भीत, मग मोठ्याने. टोपलीत त्याचाच आवाज घुमत होता आणि त्याला तो आवडला. इथे समोर कुणाची कॉलर नव्हती. आपण कसे दिसतो हे बघायला कुणी नव्हतं, आरसा नव्हता, साडीवाला नव्हता. कित्येक शनिवारांनंतर त्याचं सगळं लक्ष प्रार्थनेत होतं. बाकीचे आठ जण त्याच्या आवाजात आवाज मिसळायला लागले, आणि येहुदाकाकांनीही एका ओळीला थांबून त्याला पुढे जाऊ दिलं.

मग वाकायची जागा आली. सगळे वाकले. एझरा खांबासारखा उभा राहिला. त्याला डिसेंबर दिसला, लग्नाचे फोटो दिसले, 'बाबांना इथे बसवा' हे शब्द ऐकू आले. सगळ्यांच्या माना खाली होत्या, आपण वाकलो नाही हे कुणाला दिसलंही नसतं. पण ज्याच्यासमोर वाकायचं, त्याला टोपलीच्या आतलंही दिसत होतं. आणि केसांसाठी त्याच्यासमोर ताठ उभं राहायचं, हे एझराच्या गळी उतरेना. ज्याने शिकवलं त्याच्याच वर्षाच्या दिवशी तर मुळीच नाही. त्याने एक मोठा श्वास घेतला आणि कंबरेतून वाकला.

टोपली घसरली. डोक्याच्या बरोबर मध्यावर टप्पकन बसली. सॅमसनकाकांची टपली बसायची, अगदी तिथेच. एझराच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं होतं हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण त्यानंतर जितक्या वेळा वाकायचं होतं तितक्या वेळा तो वाकला, आणि प्रत्येक वेळी टपली खाल्ली. शेवटी नोम उभा राहिला आणि त्याने वडिलांचं कद्दीश म्हटलं. मध्ये एकदा त्याचा आवाज अडकला तेव्हा टोपलीतून जोरात "आमेन" आलं आणि त्याने पुढचं नीट म्हटलं.

बाहेर अंगणात मलिद्याचं ताट फिरत होतं. गूळ-खोबरं घातलेले गोड पोहे, वर फळं. साराने टोपली अलगद उचलली. एझराचं डोकं मध्यभागी लालबुंद झालं होतं आणि टोपलीच्या तळाला राईसारखं काहीतरी चिकटलं होतं. तिने चमचाभर मलिदा त्याच्या तोंडात घातला.

"गेले?" एझराने विचारलं.

"मधले गेले."

येहुदाकाका जवळ उभे होते. एझरा सुस्कारा सोडून म्हणाला, "तुमचं बरं आहे, काका. तुम्हाला देवाने शहात्तराव्या वर्षीही भरभरून दिलंय."

येहुदाकाकांनी आजूबाजूला बघितलं. मग एझराचा दंड धरून त्याला फाटकाबाहेर, भिंतीच्या आडोशाला नेलं आणि आपली काळी टोपी उचलली. कडेने पांढरीशुभ्र झालर होती. मध्ये मात्र घासून ठेवलेल्या पितळी तबकासारखं लख्ख डोकं चमकत होतं.

"कधीपासून?" एझराने कसंबसं विचारलं.

"तुझ्या लग्नाआधीपासून."

"पण कधी दिसलं नाही!"

"देवाने झाकायला सांगितलंय ना?" येहुदाकाका टोपी पुन्हा चढवत म्हणाले. "मी त्याचं ऐकतो. सरळ माणसाला त्रास नसतो. आणि हे त्या रंभाला कळता कामा नये."

नोव्हेंबरात डॉक्टर प्रांजलने भिंग लावून एझराचं डोकं तपासलं. पुढे केस आले होते, कानांच्या वरच्या बाजूला आले होते, मागेही आले होते. मध्ये वीतभर गोल जागा कोरी राहिली होती. "काका, एवढंच भरायचं राहिलं," ती म्हणाली. "अर्ध्या दिवसाचं काम. लग्नाला तसेही दिसणार नाहीत, पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत येतील."

एझराने खिशातून आपली निळी मखमली टोपी काढली आणि आरशात बघत डोक्यावर ठेवली. काठाला काठ जुळला. सुतभरही जागा उरली नाही.

"नको," तो म्हणाला. "ही जागा टोपीची आहे. तिचीच राहू दे."

लग्नाच्या दिवशी अर्थातच सकाळपासून रात्रीपर्यंत टोपी त्याच्या डोक्यावर होती. कडेने दाट काळे केस बाहेर आले होते. रंभा ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती आणि मलिद्याची फळं तिच्याच त्या टोपलीत रचलेली होती. "काय वो एझराभाव," तिने टोपलीवर चापट मारून विचारलं, "चालतं ना मंग केसाबिगर?"

"चालतं गं," एझरा म्हणाला. या वेळी उत्तर द्यायला त्याला विचार करावा लागला नाही.

ज्युडिथमावशी मात्र त्याच्या कानशिलाकडे कौतुकाने बघत होती. "अरे, काय दाट आलेत रे केस! जरा टोपी काढ बघू, हात फिरवते डोक्यावरून."

एझराचा हात टोपीवर गेला आणि तिथेच घट्ट बसला. मागून येहुदाकाकांचा कडक आवाज आला, "ज्युडिथ! देवाच्या दारात टोपी काढायला सांगतेस?" बोलता बोलता त्यांनी दोन बोटांनी आपली टोपीही जरा खाली दाबली.

सारा हसायला लागली. पण या खेपेला एझरा तिच्याआधी हसला होता.